सगुणेची नजरकैद

भर बाजारात घोड्यावर चढताना किल्लेदार हैबतराव घसरून पडले आणि समोरच बांगड्या विकत बसलेल्या सगुणा कासारणीला हसू आवरलं नाही. किल्लेदारांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, "हिला महिनाभर नजरकैद! शिपायाच्या नजरेआड एक पाऊलही टाकायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी खालच्या वाडीत सगुणेच्या भाचीचं लग्न होतं आणि नवरीला चुडा तिनंच भरायचा होता. घरी बसून तिनं हुकुमाचा शब्द न् शब्द मनात घोळवला. सकाळ होताच चुड्याची टोपली डोक्यावर घेतली आणि दारावरच्या शिपायाला म्हणाली, "रायाजीभाऊ, मी निघाले. नजर हलवू नका हं!"

बिचारा रायाजी डोळे ताणून तिच्या मागे धावला. लग्नात पंगतीला बसला, तोही तिच्याकडे बघतच.

परतल्यावर दोघांना सदरेवर उभं केलं. "कैद मोडलीस!" हैबतराव गरजले.

"रायाजीभाऊ, मी तुमच्या नजरेआड झाले का हो?"

"क्षणभरही नाही."

"मग मोडली कुठे, सरकार? कोठडीला भिंती असतात, त्या जागच्या हलत नाहीत. नजरकैदेला नुसती नजर. ती माझ्याबरोबर लग्नाला आली, पोटभर जेवली आणि माझ्याबरोबरच परत आली."

सदरेवर हशा पिकला. हैबतरावांनाही हसू फुटलं. "रायाजी, काढ रे बाबा हिच्यावरची नजर!"

सगुणा लवून म्हणाली, "मीठ-मोहऱ्या घेऊन येते, सरकार."