सावलीचा जामीन

एका राज्यात, जिथे नद्या राजाला विचारून पूर आणत, तिथल्या न्यायसभेला एक शाप होता. आरोपी तारखेला हजर झाला नाही, तर त्याच्या जामीनदाराची सावली अंगावेगळी होई आणि सभेच्या पांढऱ्या भिंतीला जाऊन चिकटे. तीन दिवसांनी जामीनदारही त्या भिंतीत विरून जाई. अशा सतरा सावल्या तिथे होत्या.

माहूत वेसाजीवर राजाचा नागमणी चोरल्याचा आरोप आला. त्याची आई मरणपंथाला लागली होती. "भेटून येतो," तो म्हणाला. येसू कासारीण उभी राहिली. "याच्या आईच्या हातात मीच बांगड्या भरत आले. मी जामीन राहते."

आई गेली. तारीख आली. नगारा तीनदा वाजला. वेसाजी आला नाही. भर सभेत येसूची सावली पायांपासून सुटली आणि चालत भिंतीकडे गेली.

राजा हेमांगद येसूला म्हणाला, "तीन दिवस आहेत. त्याला बांधून आणू नकोस. आजवर कोणी परतला नाही. एकजण जरी आपल्या पायांनी आला, तर शापच सुटेल."

सभेतल्या पिंजऱ्यातली मैना म्हणाली, "उत्तरेला काजळतळे आहे. वेसाजी भ्याला, तिथल्या मांत्रिकाकडे त्याने बगळ्याचे रूप मागून घेतले."

येसू एक दिवस चालली. मांत्रिक तळ्याच्या पाण्यावर बसला होता.

"वेसाजी हवा असेल तर तीन कामे कर," तो म्हणाला. "जळत्या डोंगरावरून ओंजळीत आग आण."

तिने आणली. ज्याला सावली नाही त्याला आग ओळखत नाही.

"सर्पांच्या दरीतले केवड्याचे कणीस आण."

तेही तिने आणले. तिथले सर्प सावलीलाच डसत.

"आता यातला वेसाजी दाखव." तळ्याकाठी हजार बगळे उतरले, सगळे एकसारखे. सगळ्यांनी येसूच्या तोंडाकडे पाहिले. एकाने मात्र तिच्या पायांजवळची बिनसावलीची जमीन पाहिली आणि मान खाली घातली.

"हा," येसू म्हणाली.

वेसाजी माणूस होऊन उभा राहिला.

"येसूमावशी, मणी मीच घेतला होता."

"ते राजाला सांग. येतोस का?"

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली आणि चालू लागली. काही पावलांनी तिला मागे दुसरी पावले ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी, सूर्य टेकायच्या आत, वेसाजीने सभेचा उंबरठा ओलांडला. भिंत थरथरली. येसूची सावली उतरून तिच्या पायांशी येऊन बसली. मग भिंतीतून एकेक करीत सतरा माणसे बाहेर आली. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्याने विचारले, "माझा माणूस आला का?" येसूने त्याचा हात धरून त्याला बसवले.

वेसाजीने गुन्हा कबूल केला, मणी सिंहासनापुढे ठेवला. राजाने शिक्षा सुनावली: कोरड्या मुलखात सात तळी खणावीत.

"पहारेकरी किती ठेवू?" प्रधानाने विचारले.

राजाने मोकळ्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिले. "कशाला?" तो म्हणाला.

वेसाजीने कुदळ उचलली आणि एकटाच कोरड्या मुलखाच्या वाटेला लागला.