दोर बांधण्याआधी

वर जायचंच म्हणता, तर आधी हा नकाशा नीट बघा. उंचीच्या रेषांमध्ये ही काळी वर्तुळं दिसतात ना, ती सोन्यासाठी खणलेल्या विहिरींची. उत्तरेकडच्या या मुलखात जमीन बारा महिने गोठलेली. आग पेटवून ती वितळवायची आणि खाली खणत जायचं. सोनं संपलं, माणसं गेली, विहिरी उघड्या राहिल्या. प्रत्येक वर्तुळाशेजारी खोलीचा आकडा आहे, या शेवटच्याशेजारी मात्र नाही. मी सोलापूर सोडून इथं आलो त्याला चाळीस वर्षं झाली, पण त्या वर्तुळावर अजून बोट ठेवत नाही.

एरिक नावाचा मोजणीदार होता म्हणे. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळून इथं दलदल आणि डास, म्हणून त्या शहाण्यानं भर हिवाळ्यात मोजणी उरकली. विहिरींची तोंडं बर्फानं झाकलेली. यानं खुशाल सपाट मैदान दाखवलं. त्याच नकाशावर भरवसा ठेवून त्याचा सख्खा भाऊ तिथून निघाला आणि बर्फासकट खाली गेला.

भावाची बायको इंगा रडली नाही, असं सांगतात. ती दिराला म्हणाली, "आता एकेक विहीर मोजायची. दोर मी धरते."

एरिकनं शपथ घेतली. कमरेला दोर बांधून तो काठीनं बर्फ ठोकत पुढं जायचा, दुसरं टोक धरून ती मागं. तो विहिरीत उतरून खोली ओरडून सांगायचा, ती वर लिहून घ्यायची. एकशे सहा विहिरी झाल्या, दोर एकदाही ढिला पडला नाही. एकशे सातवी तिच्या नवऱ्याची.

या वेळी खालून खोलीचा आकडा आला नाही. मग एरिक म्हणाला, "वहिनी, तो पडल्या पडल्या गेला नव्हता गं. भिंतीवर नखांच्या खुणा आहेत. माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत."

इंगा एकटीच परतली. हातात नकाशा होता, दोर नव्हता. हातातून निसटला की तिनं सोडला, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. मरेपर्यंत तिनं हातमोजे काढले नाहीत म्हणे; तळहातावर निसटत्या दोराचे वळ होते की नव्हते, ते कोणालाच दिसलं नाही.

आजही इथं दोर बांधण्याआधी जोडीदार एकमेकांना विचारतात, "माझ्याविषयी मनात काही आहे का?" उत्तर खरं द्यायचं. असेल त्यानं खाली थांबायचं, त्याला कोणी नावं ठेवत नाही.

तुम्ही दोघं सख्खे भाऊ. सकाळपासून गाडीत एकमेकांशी अवाक्षर बोलला नाहीत, ते मी आरशात बघत होतो. मला भीती वाटतेय, स्पष्टच सांगतो. हा दोर इथं ठेवला. विचारा.