उंबरघाटाची ओंजळ

थांबा, थांबा! हात मागे घ्या. या तळ्याचं पाणी आपल्या हातानं घेऊन प्यायचं नसतं. बाटलीसुद्धा बुडवायची नाही. पाहुणे आहात म्हणून अडवत नाही हो, मीही घेत नाही. माझं घर त्या समोरच्या वरच्या आळीत. सारा जन्म इथे गेला, पण या तळ्यातला एक थेंब मी स्वतःच्या हातानं उचललेला नाही. पाणी घालणारी बाई येईल. कधी येईल ते तिचं तिला माहीत. तोवर बसा या पायरीवर.

खाली खिंडीत दरवाज्याची कमान दिसते ना? आणि तिथून तळ्यापर्यंत आलेली ती खोल गेलेली पाऊलवाट? तिला आम्ही येरझार म्हणतो. ती एकाच बाईच्या पायांनी पडली, असं सांगतात.

उंबरघाट हे एके काळी स्वतंत्र राज्य होतं. हसू नका. सात वाड्या, एक खिंड आणि हे तळं, एवढंच राज्य. न्याहारी करून एका टोकाहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला पोचायचा. पण राज्य ते राज्य. कोकणातलं मीठ घेऊन बैलांचे तांडे याच खिंडीतून वर चढायचे, इथे पाणी प्यायचे, जकात देऊन पुढे जायचे. त्या जकातीवर सगळ्यांची चूल पेटायची. गादीवर जैताऊ राणी होती. नवरा लढाईत गेलेला, मूलबाळ नाही. बाई मनानं चांगली, पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

स्वस्थता येणार कुठून? सगळी संकटं एकदमच आली. दोन वर्षं पावसानं ओढ दिली. उत्तरेला एका मोठ्या राज्यानं नवा घाट फोडला आणि तांडे तिकडे वळू लागले. खाली पायथ्याशी एका सरदाराचे घोडेस्वार येऊन उतरले. आणि गावात पाण्यावरून आग धुमसत होती. ती आग जुनीच होती म्हणा. खिंडीचा पहारा खालच्या वाडीकडे होता. पिढ्यानपिढ्या ती माणसं राज्य राखत, पण तळ्याला हात लावायची त्यांना बंदी. बांधावर चढणाऱ्या या पायऱ्यांतल्या पार खालच्या पायरीवर ओंजळ धरून उभं राहायचं आणि वरच्या आळीतल्या कुणी वरून पाणी ओतायचं. तेही त्याला सवड झाली तर. आमच्याच पूर्वजांची ही गोष्ट आहे, म्हणून मी ती खाली मान घालून सांगतो.

राणीचे तीन कारभारी होते. एकानं सांगितलं, तांडे कमी झाले, तर जकात दुप्पट करा. केली, तर उरलेले तांडेही गेले. दुसऱ्यानं पहारेकऱ्यांचं धान्य निम्म्यावर आणलं. तिसरा म्हणाला, पाण्यावरची भांडणं थांबवायला तळ्याभोवती भिंत बांधू, एक दार ठेवू, किल्ली वरच्या आळीकडे देऊ. आता पाथरवट सगळे खालच्या वाडीचे. ते आपल्याच तहानेला कुंपण कशाला घालतील? त्यांनी नवा दगड फोडायला नकार दिला. मग या शहाण्यांनी काय करावं? खिंडीच्या तटाचे दगड उपसले आणि तळ्याभोवती रचले. खाली शत्रू बसलेला, आणि यांनी त्याच्या वाटेतली भिंत काढून आपल्याच माणसांच्या वाटेत घातली! राणीनं हो म्हटलं होतं, हे विसरून चालणार नाही.

त्या दिवसांत ती तळ्यापासून दरवाज्यापर्यंत आणि दरवाज्यापासून तळ्यापर्यंत नुसती चालत असे, म्हणे. तटाकडे गेली की तळं आठवायचं, तळ्याकडे आली की तट. जेवण पानात तसंच राहायचं.

चैत्रात सरदाराचा निरोप आला. उद्या सूर्य मावळेपर्यंत खिंड मोकळी करा, नाहीतर आम्ही करून घेऊ. राणी दरवाज्याकडे धावली, तर खालची वाडी अख्खीच्या अख्खी घाट उतरायला निघालेली. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं. पुढे ठमा. ती पहारेकऱ्यांच्या नाइकाची विधवा, वाडीत तिचा शब्द चाले. तिची गरोदर सून आदल्या दिवशी पाण्यासाठी उभी असताना भोवळ येऊन पडली होती.

राणीनं वाट अडवली. म्हणाली, "ठमा, तुम्ही गेलात तर उद्या राज्य राहत नाही."

"आमी ऱ्हायलो तरी कसं ऱ्हाईल?" ठमा म्हणाली. "तहानल्या माणसाला लांबचं दिसत न्हाई, बाईसाहेब. आन् तट तर तुमीच काढून नेला."

"काय केलं तर राहाल?"

"आमी पिढ्यानपिढ्या वंजळ धरून हुबं ऱ्हायलो. तुमी एक दीस ऱ्हावा. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना राणी पार खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, ओंजळ पुढे धरून. तिनं शपथ घेतली, ठमाच्या हातचंच पाणी पिईन, नाहीतर पिणार नाही. कुणी म्हणतं ती तीन दिवस उभी होती. चैत्रात पाण्यावाचून तीन दिवस? आपण एकच धरू.

कारभारी आडवे आले. राणीसाहेब, धर्म बुडेल. ठमा वर भिंतीपाशी रिकामी घागर घेऊन बसली होती. भिंत असेतो ती पाणी भरणार कुठून? ऊन चढलं. पायथ्याचे नगारे वाजू लागले. राणीचे ओठ फुटले, पण ओंजळ मोडली नाही. वरच्या आळीची माणसं आधी चिडली, मग एकमेकांकडे बघेनात. अखेर ज्यानं भिंत सुचवली होती, त्याच कारभाऱ्यानं पुढे होऊन पहिला दगड काढला. तो माझा पूर्वज, असं सांगतात. दगड काढायच्या आधी त्यानं सुचवलं काय होतं, तेही घरात सांगतात.

भिंत पडली तेव्हा ठमा उठली. तळ्यात उतरली, घागर भरली आणि राणीच्या ओंजळीत पाणी ओतलं. आणि मग ते दगड सातही वाड्यांच्या हातांतून खिंडीकडे परत गेले. सूर्य मावळताना सरदार चढला, तेव्हा तट पुरा उभा नव्हता, पण प्रत्येक दगडामागे माणूस होतं. आडवाटा फक्त खालच्या वाडीला ठाऊक होत्या. त्यांनी त्या वाटांनी उतरून सरदाराला बाजूनं गाठलं आणि तो मागे फिरला. पुढे तांडेही आले, कारण इथे बैलालाही पाणी मिळतं, ही बातमी घाटाखाली पोचली होती.

राज्य पुढे कधीतरी बुडालंच. पण आपल्या हातानं नाही गेलं.

राणीनं नेम घालून दिला, की या तळ्याचं पाणी कुणीच स्वतः घ्यायचं नाही. ज्याला तहान लागेल त्यानं खालच्या पायरीवर उभं राहायचं, राजा असो की वाटसरू. आजही घालणारी बाई ठमाच्या घरातली असते.

ती बघा, आली. उठा, ओंजळ धरा. आणि एक सांगून ठेवतो, ती लगेच घालत नाही. घागर भरून थोडा वेळ नुसती बघत उभी राहते. साठ वर्षं मी इथे हात पुढे करतोय, माझं नाव तिला माहीत आहे, माझ्या नातवंडांची नावं माहीत आहेत. तरी आजही त्या तेवढ्या वेळात मी तिच्या घागरीकडेच बघत राहतो. वाटतं, नाहीच घातलं तर?