पोरवावर

निंबधऱ्याच्या देवळामागे मूठभर जमिनीचा एक तुकडा आहे. त्याला पोरवावर म्हणतात. तिथं मोठ्या माणसानं बी टाकायचं नाही. पाहुण्यांना तिथं उभं करून गावच्या येसूआजी त्याची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, गावाचं सगळं बियाणं साळूबाई नावाची बाई राखायची. बाजरीचं बी राखेत घोळवून ती कणगीत भरी. पेरणीआधी चिमुरड्यांना देवळाच्या ओट्यावर जमवी आणि प्रत्येकाला खापरात तीन दाणे पेरायला लावी. आधी मूळ खाली जातं, मग कोंब वर येतो, तोवर माती उकरायची नाही, असं शिकवी.

एका वर्षी पाच दिवस झाले तरी खापरांत नुसती काळी मातीच. उगवलं होतं ते एकट्या ठकीचं. साळूबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्यांना रागे भरली, की तुम्ही पाणी घातलं नाहीत. पोरं रडकुंडीला आली.

ठकी हळूच म्हणाली, "माझे दाणे तुझे न्हाईत, आत्या. तुझे सांडले. म्या चिमण्यांच्या कणसातले काढले."

देवळाच्या आढ्याला चिमण्यांसाठी कणसं टांगलेली असत. साळूबाईनं वर पाहिलं. मग एका खापरात नख घातलं. दाणा बोटात पिठासारखा विरला. दुसरा तसाच, तिसराही. औंदा घाईत तिनं चुलीतली राख निवू न देताच कणगीत ओतली होती. आत निखारे धुमसत राहिले असतील. दाणा वरून धड दिसत होता, आतला जीव कधीच गेला होता.

वेशीत पेरणीच्या पाभरी बैलांना जुंपल्या होत्या. ती धावत गेली आणि पाटलांच्या बैलांपुढे उभी राहिली.

"बी मेलंय," ती म्हणाली. "माझ्या हातनं मेलंय."

एका म्हातारीनं तिथंच बसकण मारली. कुणीतरी म्हणालं, हिच्याकडून कणगी काढून घ्या. पाटलांनी बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं.

"कणगी तिच्यापाशीच राहील," ते म्हणाले. "सांगायला ती आली. नाहीतर उगवलं नाही म्हणून आभाळाला दोष देत बसलो असतो आपण."

आढ्याला अकरा कणसं उरली होती. देवळामागची जमीन भुसभुशीत करून त्यांचे दाणे पोरांच्या हातांनी पेरले. ते वर्ष गावानं रानातले कंद आणि उंबरं खाऊन काढलं, असं सांगतात. दोन म्हातारी माणसं त्यात गेली. साळूबाई त्या तुकड्यावरून हलली नाही. पुढच्या साली तिथलंच बी घरोघर गेलं.

आजही निंबधऱ्यात पोरांच्या खापरांत कोंब दिसल्याशिवाय पाभर बाहेर निघत नाही. आणि एखाद्या पोराचा दाणा रुजला नाही, तर पाणी घातलंस का, असं त्याला कुणी विचारत नाही. आधी कणगी उघडून बघतात.