सोमारी आणि रातवा

दाट सागवनाच्या कडेला, मातीच्या इवल्याशा झोपडीत सोमारी आणि तिची आई राहत. दोघीच. आईला तापाने असं धरलं होतं की तिला चुलीपर्यंतही जाववत नव्हतं. मडक्यात मूठभर कणी उरली होती. मोहफुलं वेचून विकली तरच पुढे धान्य मिळणार होतं.

मोहफुलं पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून लोक आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाचोळा जाळतात. सोमारीही खापरात निखारा घेऊन मोहाखाली आली. केशरी ऊन उतरत होतं. ती वाकली, आणि एका पानाने डोळा उघडला.

ते पान नव्हतं. तो रातवा पक्षी होता. तपकिरी, करडा, सोनेरी ठिपक्यांचा, हुबेहूब पाचोळ्यासारखा. पोटाखालून दोन चिमुकल्या गुलाबी अंड्यांची कड दिसत होती. निखारा इतका जवळ येऊनही तो जागचा हलला नाही.

“घाबरू नकोस हं,” सोमारी हळूच म्हणाली. तिने निखारा मातीत विझवला. काटक्यांच्या खराट्याने सगळा पाचोळा दूर लोटला, रातव्याभोवतीचा तेवढा राहू दिला. खराट्याच्या काटक्यांनी तिची बोटं रक्ताळली.

सांज निळीनिळी झाली. रातव्याने पंख पसरले आणि तो वर उठला. जराही आवाज नाही! इवलीशी चोच उघडली तर आत केवढं मोठं तोंड. पतंग, चिलटं अलगद टिपत तो हवेत तरंगू लागला. सोमारी श्वास रोखून पाहत राहिली. त्याच्या पंखांवरचे पांढरे ठिपके चमचमले आणि एका ठिपक्यातून बोटाएवढी, चांदणरंगी परी खाली उतरली.

“एक इच्छा माग, बाळ,” परी म्हणाली. “पण पहिली चांदणी दिसायच्या आत. आणि फक्त स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी मागितलेलं मला देता येत नाही.”

“मग माझ्या आईचा ताप?”

“नाही गं, तो नाही मागता यायचा.” परीचाही आवाज ओला झाला.

आभाळ गडद होत चाललं. सोमारीने डोळे मिटून विचार केला. मग म्हणाली, “मला आज आईच्या हातची पेज खायची आहे. तिने चुलीपाशी बसून रांधलेली.”

परी हसली. “स्वतःसाठीच मागितलंस खरं.” ती उजळत गेली, उजळत गेली. रानातलं पान न् पान सोन्याचं झालं आणि त्या उजेडातच परी विरून गेली. वर पहिली चांदणी लुकलुकली.

सोमारी धावत घरी आली. चुलीत जाळ होता. आई पेज ढवळत बसली होती. तिने सोमारीच्या गालाला हात लावला. तो हात गार होता.

“कुठे होतीस गं इतका वेळ?” आई म्हणाली. “बस, पेज निवते आहे.”