लोखंडातली ओढ

"इंजिन चालतंय. मग वीज का येत नाही?"

उस्ताद शेडपुढच्या बाजेवर बसले होते.

मी परत विचारलं. ओरडून. इंजिनाचा आवाजच तेवढा होता.

"आधी त्याला गप कर," ते म्हणाले. "मग तू गप हो."

मी इंजिन बंद केलं. दुसरं मला जमत नाही.

गावात त्यांना खरमाटे आप्पा म्हणतात. उस्ताद म्हणणारी मी एकटीच. त्यांची सगळी नोकरी लष्कराच्या गाड्या नि जनरेटर दुरुस्त करण्यात गेली, आणि तिथं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. माझ्या हातात पाना त्यांनी दिला. बाईनं इंजिनाला हात लावू नये म्हणणाऱ्यांना मी काय काय बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जनरेटरही लष्कराचाच. लिलावात निघालेला, हिरवा, हँडल मारून चालू करायचा. माझ्या हॅचरीसाठी घेतला होता. लाइट बरी यायला लागली तसा शेडपुढंच कडेला सारला.

त्या दिवशी पहाटेच्या वावटळीनं लाइनीचे खांब आडवे झाले. अंडी उबवायचं मशीन गार पडत चाललं. पिल्लं बाहेर यायच्या बेतात होती. मी घरातल्या सगळ्या गोधड्या मशीनवर घातल्या आणि मोटरसायकलवर जाऊन उस्तादांना घेऊन आले.

अंडं कानाला लावलं की आतली चिवचिव ऐकू येत होती. गारठलं की पिल्लू आतल्या आत जास्त ओरडतं. मग गप होतं. गप झालं की संपलं.

"काय काय बघितलंस?" उस्तादांनी विचारलं.

"सगळं. डिझेल ठीक. कार्बनचे ब्रश घासून बसवले. वायर एकेक तपासली. कुठं तुटलं नाही, कुठं जळलं नाही."

"मग दुखणं काय?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला आणलं असतं का?"

"नसतं आणलंस," ते म्हणाले. "ते ठाऊक आहे मला."

ते उठले. जनरेटरच्या अंगावर हात ठेवला. पत्रा तापला होता, तरी हात काढला नाही.

"शेवटचा कधी चालवलास?"

"...दोन उन्हाळे झाले."

उस्ताद मान हलवत राहिले. मला चीड आली. आत पिल्लं मरायला लागलीत आणि हे मान हलवतात.

"वर बर्फात असाच एक होता," ते म्हणाले. "मी नवा होतो. एक जवान तापानं फणफणलेला. हेलिकॉप्टर मागवायचं, तर वायरलेसला वीज नाही. इंजिन घुमतंय, दिवा लागत नाही. मी सगळा जनरेटर खोलला. बोटाची सालटी निघाली. काही सापडेना."

"मग?"

"मग आमचे उस्ताद आले. गुरमेजसिंग. त्यांनी काही खोललं नाही. असाच हात ठेवला आणि म्हणाले, 'मरा नहीं है. भूल गया है.'"

"काय विसरला?"

"ओढ."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"लोखंडात जराशी ओढ राहते, अनसा. चुंबकाची. मशीन थांबलं तरी ती राहते. तेवढ्यावरच पुढच्या खेपेला वीज उठते. फार दिवस पडून राहिलं की तीही जाते. मग इंजिन घुमव किती घुमवायचं ते."

"मग आता करायचं काय?"

"दुसऱ्याकडनं घ्यायची. तुझ्या गाडीची बॅटरी काढ."

माझ्या मोटरसायकलची बॅटरी विटेएवढीसुद्धा नाही.

"हे एवढं धूड," मी म्हणाले, "अख्खी छावणी उजळायचं. ते हिच्यापुढं हात पसरणार?"

"पसरील. तुझ्यासारखं नाही ते."

मी बॅटरी काढली. तिला दोन वायरी जोडल्या. उस्तादांनी आतल्या गुंडाळीची दोन टोकं दाखवली. लाल कुठं आणि काळी कुठं, ते माझ्याकडनं वदवून घेतलं. मग मी हँडल मारलं. इंजिन घुमायला लागलं.

"टेकव."

मी वायरी टेकवल्या. बारीक ठिणगी उडाली.

शेडमधला बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला. मग पिवळा. मग बघवेना इतका पांढरा.

माझा हात तिथंच.

"काढ आता," उस्ताद म्हणाले.

"परत गेली तर?"

"काढ."

"राहू दे ना जराशी. पिल्लं आहेत आत."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मागं घेतलं. वायरी सुटल्या.

बल्ब तसाच होता.

मी आत पळाले. मशीनचा पंखा फिरत होता. काटा हळूहळू वर चढत होता. गोधड्या ओढून काढल्या आणि एक अंडं कानाला लावलं...

काही ऐकू आलं नाही.

दुसरं लावलं. आत टकटक झाली. चोचीची. मग शेजारच्या अंड्यातून. मग सगळ्या ट्रेमधून.

मी तिथं किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

बाहेर आले तेव्हा उस्ताद बाजेवर बसून चिंधीनं हात पुसत होते.

"तो तापातला जवान?" मी विचारलं.

"वाचला. पुढं माझ्यापेक्षा मोठा हुद्दा मिळाला त्याला."

"आणि तुमचे उस्ताद?"

"त्यांना मी सॅल्यूट ठोकला. ते म्हणाले, हात धू, चहा पी."

"बस? तेवढंच?"

"चहा चांगला होता..."

मी कुणाचं काही ठेवत नाही. वाटीभर साखर आणली तरी दिवस मावळायच्या आत परत करते. सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

"संध्याकाळी कोंबडी घेऊन येते," मी म्हणाले.

"दात नाहीत मला."

"मग अंडी."

"घरात तुझीच पडलीत."

"मग काय देऊ? तुम्ही नसता तर आज ही पिल्लं..."

मी खाली वाकले आणि त्यांचे पाय धरले.

"उस्ताद, तुमचे पांग कसे फेडू, तेवढं सांगा. काय लागेल ते करते. सगळे फेडते."

त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. मान वळवून जनरेटरकडं बघितलं.

"सगळे फेडू नको," ते म्हणाले. "थोडे राहू दे."