महाराजांनी भुरीचा ताप घोंगड्यात घेतला

भाविकहो, त्या वर्षी श्री सदोबा महाराजांचा मुक्काम कारवंडी गावी होता. ओढ्याकाठच्या उंबराखाली ते बसत. अंगावर एक काळे घोंगडे आणि मुखी नाम, एवढाच त्यांचा संसार. ओढ्यापलीकडे ठकूबाई गवळण राहत असे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. भुरी नावाची एक गाभण म्हैस, तेच तिचे गणगोत. धार काढली की पहिला पेला महाराजांपुढे ठेवायचा, मग दूध गावात घालायचे, हा तिचा नेम.

गावचे बडे प्रस्थ हैबतराव निकम. दावणीला बैल, म्हशी, गाई नुसत्या दाटलेल्या. ते ठकूबाईला येता-जाता म्हणत, "काय ठके, गोसावी पोसतीस व्हय? तुझ्याच घरात चूल पेटंना!" ठकूबाई खाली मान घालून पुढे जाई. गरिबाने बोलावे तरी कुणापुढे!

भाद्रपदाचे ऊन तापले आणि जनावरांवर गोचीड मातले. भुरीने रवंथ सोडला. अंग तव्यासारखे तापले, डोळ्यांच्या कडा आधी पांढऱ्या पडल्या, मग पिवळ्या. शेण खड्यासारखे घट्ट झाले, दूध आटले. हैबतरावांचा एक बैलही तसाच मान टाकून बसला.

अशा वेळी कारवंडीत कान फोडायची चाल होती. सारी जनावरे रांगेत बांधायची, आजारी जनावर सर्वांत पुढे, आणि एकाच पात्याने प्रत्येकाच्या कानाचे टोक कापून रक्त सांडायचे. मध्ये पाते धुवायचे नाही, धुतले तर रोग उलटतो, अशी समजूत. पाते निकमांच्या घराण्याचे, पहिला मानही निकमांच्याच दावणीचा.

ठकूबाई महाराजांकडे धावली. महाराज म्हणाले, "माये, भुरीला त्या पात्याखाली नेऊ नकोस. हैबतरावालाही सांग, हात आवर म्हणावं."

तिने भर रांगेत हात जोडून निरोप सांगितला. हैबतराव खो खो हसले. "तुझ्या गोसाव्यानं जन्मात कधी बैलाचं शेपूट तरी धरलंय का गं? तुझी म्हस मेली तर वढायला मानसं मागू नगंस!" सारा गाव हसला. आजारी बैलाचा कान कापलेले पाते तसेच ओले पुढच्या गाईच्या कानावर गेले.

इकडे भुरीचे दुखणे वाढतच गेले. एका सकाळी तिने गाभ टाकला. वीतभर कोवळे रेडकू, तेही निष्प्राण! ठकूबाईने ते पदरात घेतले आणि तशीच उंबराखाली आली. आज तिच्या हातात पेला नव्हता.

"म्हाराज, तुमचं ऐकलं. गावाचं हसं सोसलं. ह्ये फळ का त्याचं? तुमचा द्येव झोपलाय का मेलाय, ते तरी सांगा!"

काय हा आकांत! महाराजांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते उठले, तिच्या गोठ्यात शिरले आणि अंगावरचे घोंगडे काढून त्यांनी भुरीला पांघरले. तिच्या मानेवर हात ठेवून नाम घेत बसले. ऊन कलले तसे नवल घडले! भुरीच्या कासेतून, कानांतून, शेपटीखालून गोचीड आपसूक सुटले आणि घोंगड्यात येऊन चिकटले. महाराजांनी ते घोंगडे उचलून स्वतःच्या उघड्या अंगाभोवती घट्ट लपेटून घेतले. पाहता पाहता त्यांचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला, दात वाजू लागले. आणि भुरीने सावकाश जबडा हलवला. ती रवंथ करीत होती!

ठकूबाईला हसू फुटेना. पदरात रेडकू होते आणि समोर महाराज तापाने फणफणत होते.

पुढे निकमांच्या दावणीत एकामागून एक जनावर आडवे झाले. त्यांच्यातले कान कापलेले एकही वाचले नाही. शेवटचा बैल ओढून नेल्यावर हैबतराव उघड्या डोक्याने ठकूबाईच्या दारी आले. महाराज तिथेच भिंतीला टेकून पडले होते.

"म्हाराज, माझा ताप बी घ्या! पदरात घ्या मला!"

महाराज क्षीण स्वरात म्हणाले, "उशीर झाला रे बाळा. एकाच्या अंगातलं विष तू आपल्या हातानं साऱ्यांच्या रक्तात घातलंस. ते पातं जाळात घाल. गावात जी जनावरं उरलीत त्यांचे गोचीड वेच अन् तेही जाळ."

हैबतराव पायांवर कोसळणार, तोच महाराजांनी पाय आखडले. "इथं नको. जिला हसलास, तिच्या दावणीपुढं."

हैबतराव गोठ्यात गेले. भुरीच्या खुरांशी त्यांनी कपाळ टेकले आणि, "ठकूबाई, माफी असू दे गं," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. भुरीने मान खाली घातली आणि आपल्या खरबरीत जिभेने, गेलेले रेडकू चाटावे तसे, त्यांचे डोके चाटू लागली. तेव्हा तो थोराड माणूस हंबरडा फोडून रडला. त्याच्या स्वतःच्या गोठ्यात त्याला ओळखणारे एकही जनावर आता उरले नव्हते.